देवीची जट की न विंचरलेला गुंता?

आज बोलायचं आहे केसांविषयी, आणि त्यातही लहान लेकरांच्या कुरळ्या, कोरड्या केसांविषयी. तुम्ही म्हणाल, केसांचा कसला आला इतिहास? मलाही आधी तसंच वाटायचं.

गेल्या पौषात एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, चहा झाला. एक म्हातारी आजी नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पोर साडेतीन वर्षांची, दाट कुरळ्या केसांची, गालावर वाळलेला शेंबूड. मी कौतुकानं तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर आजी झटकन मागं सरकली. म्हणाली, "हात नको लावू वो माय तिच्या केसाले. देवीनं धरलं हाये." मग तिनं हळूच दाखवलं. डाव्या कानामागं केसांचा एक गोळा झाला होता, लिंबाएवढा. त्याला हळद-कुंकू लावलेलं. पोरीची आई कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. तिला विचारलं, कधीपासून आहे हे? तर म्हणे दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर आपल्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कापसाची वेचणी. ही बाई उजाडायच्या आत घर सोडायची आणि दिवेलागणीला परत यायची. पोर आजीजवळ. आजीला डोळ्यानं कमी दिसतं. पोरीच्या डोक्याला कंगवा लावला की ती घर डोक्यावर घेते. मग आजी म्हणायची राहू दे, उद्या विंचरू. असे दोन महिने गेले. देवी त्या दोन महिन्यांत आली, असं त्या घराचं म्हणणं होतं. मी त्यांना लगेच काही बोलले नाही. पण घरी येताना एसटीत बसल्यावर डोक्यात तेच होतं.

आधी केस समजून घेऊ. केस ज्या छिद्रातून उगवतो ते छिद्र गोल आणि सरळ असेल तर केस सरळ वाढतो. छिद्र चपटं, वाकडं असेल तर केस वळत वळत वाढतो. हे आईबापाकडून, आजीआजोबांकडून येतं. त्यात चूक काही नाही. आपल्या कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. सरळ केसावरून ते तेल सहज टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसावर ते प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून मुळाशी केस बरा आणि टोकाला गवतासारखा कोरडा. त्यात लहान लेकरांच्या डोक्यात तेल मुळातच कमी सुटतं. ते वाढतं वयात येताना. म्हणजे कुरळ्या केसाच्या लेकराचे केस कोरडे असणार, हे ठरलेलंच आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या सगळ्यांचेच केस रोज गळतात. मोठ्या माणसाचे पन्नास ते शंभर. सरळ केस गळला की खाली पडतो, उशीवर सापडतो. कुरळा केस गळला तरी पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून राहतो. केसाच्या अंगावर माशासारखी बारीक खवलं असतात. कोरड्या केसाची खवलं उभी राहतात आणि एकमेकांत अडकतात. वरून धूळ, घाम, झोपेत उशीवर घासणं. जुन्या गादीतला कापूस कसा पिंजला नाही की गोळे धरतो, तसाच हा गोळा. एकदा धरला की रोज घट्ट होत जातो. त्याला हळद-कुंकू आणि तेल लावून पाणी लावायचं बंद केलं की महिन्या-दोन महिन्यांत तो दोरखंडासारखा होतो. त्यालाच आपण जट म्हणतो.

ती कापली की रक्त येतं, असं तुम्ही ऐकलं असेल. मीही लहानपणी ऐकलं होतं. पण कातडीच्या वर आलेला केस हा नखासारखा असतो. त्यात रक्त नाही, जीव नाही, दुखणं नाही. दुखतं ते ओढल्यावर, कातडीतलं मूळ ताणलं जातं म्हणून.

आता इतिहासाकडं येते. आपल्याकडं लेकराचे पहिले केस, म्हणजे जावळ, हे साधे केस कधीच नव्हते. जावळ काढायचं ते देवाच्या दारी. कुणाचं माहूरला, कुणाचं कुलदैवताच्या ठिकाणी. मूल जगत नव्हतं तेव्हाच्या या गोष्टी आहेत. देवी, गोवर, हगवण अशा साथीत पोटची पोरं जायची, आणि मग आई बोलायची, एवढं जगू दे, तुझ्या पायाशी जावळ काढीन. नवस बोलणाऱ्या बाईला मी हसणार नाही. तिच्या हातात दुसरं काय होतं? पण नवस फेडायला बकरं लागायचं, जेवण लागायचं, गाडीभाडं लागायचं. पीक बुडालं की पुढच्या वर्षी, परत बुडालं की त्याच्या पुढच्या. तोवर केसाला कात्री लावायची नाही, आणि काही घरांत कंगवाही नाही. सरळ केसाचं लेकरू त्यातून निभावून जायचं. कुरळ्या केसाच्या लेकराच्या डोक्यात गुंता व्हायचा, आणि त्या गुंत्याचा वेगळा अर्थ काढला जायचा.

नवसाच्या नावानं होणाऱ्या उधळपट्टीवर आपल्याच वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून कोरडे ओढले. शेंडगावचा हा माणूस. १८७६ चा जन्म, १९५६ साली गेले. देवाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, लेकरांना शाळेत घाला. स्वतःच्या मुलीच्या बारशालाच त्यांनी मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं होतं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांची कीर्तनं ऐकली. पण आपण त्यांचा खराटा तेवढा लक्षात ठेवला.

जटेला देवीचं बोलावणं मानायची रीत खोल रुजली ती दक्षिणेकडं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, आणि सीमेपलीकडं बेळगाव. तिथं सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचं देऊळ आहे. यल्लम्मा म्हणजेच रेणुका, परशुरामाची आई, असं मानतात. आपली रेणुका पैनगंगेच्या पलीकडं माहूरला. पुसद, उमरखेड, महागाव, आर्णीकडच्या बायांना ती अगदी शेजारची. म्हणजे देवी एकच मानली तरी तिच्या नावानं दोन मुलखांत चाललेल्या रीती एक नव्हेत. तिकडं मुलीच्या डोक्यात जट दिसली की घरच्यांना वाटायचं, यल्लम्मानं हिला मागितलं. मग तिला देवीला सोडायचं. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात परडी, आणि दारोदार जोगवा. तिचं लग्न देवाशी लागलं म्हणून माणसाशी लागायचं नाही. पुढं तिचं काय व्हायचं ते सांगायला लागू नये. गावातल्या पैसेवाल्याची नजर, नाहीतर मुंबई-पुण्याच्या वस्त्या. सगळ्याच जोगतिणी जटेमुळं सोडल्या गेल्या असं नाही. कुणी नवसानं, कुणी गरिबीनं, कुणी घरात पोरगा नाही म्हणून. पण जट हे कारण असं होतं की त्यापुढं आईबापांचंही तोंड बंद व्हायचं.

'जोगवा' हा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. २००९ चा. मुक्ता बर्वे त्यात सुली झाली आहे. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून तो बेतला होता, आणि गवस त्याच मुलखातले. त्यातली सुली कुणाचं काही बिघडवत नाही. तिच्या केसात जट निघते, एवढंच होतं, आणि तिचं सगळं आयुष्य वळतं. सिनेमा संपल्यावर माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली होती, अगं, तेव्हाच कुणी कंगवा घेऊन बसलं असतं तर!

यावर कायदा आला तो १९३४ साली. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा. मुलीला देवाला वाहणं गुन्हा ठरलं आणि देवदासीचं लग्न कायदेशीर ठरलं. पण तो मुंबई प्रांतापुरता. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. आपण १९५६ साली मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. कायद्याच्या कागदानं फार काही झालं नाही, कारण तक्रार करणार कोण? घरातलेच देवाला वाहत होते. १९७५ साली डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानानं गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवली. तिथं या बाया समोर आल्या आणि स्वतःच्या तोंडानं बोलल्या. पुढं कर्नाटकानं १९८२ साली कायदा केला. महाराष्ट्राचा नवा कायदा आला २००५ साली. पहिल्या कायद्यापासून एकाहत्तर वर्षांनी.

इथं थोडं थांबून एक आठवण करून देते. बाईच्या केसावर हक्क कुणाचा, हा आपल्या महाराष्ट्रातला जुना वाद आहे. वरच्या जातींत नवरा मेला की बाईचं केशवपन करायचे, डोकं भादरायचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हावी मंडळींना एकत्र केलं, आणि त्या न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. मला हा प्रसंग फार आवडतो. कारण ज्याच्या हातात वस्तरा होता तोच नाही म्हणाला. एका बाईचे केस ठेवायचे नाहीत आणि दुसरीचे कापायचे नाहीत. विचारायचं मात्र दोघींनाही नाही. जोगी-बैरागी पुरुषांच्या जटा असतात, पण त्यांनी त्या स्वतः वाढवलेल्या असतात, मनात आलं तर ते काढूनही टाकतात. साडेतीन वर्षांच्या पोरीनं काय ठरवलं होतं?

हे आपल्याच अडाणीपणाचं लक्षण, असंही कुणी समजू नका. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथं शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत खेड्यापाड्यांत हेच चालायचं. त्यांच्या भाषेत जटेला कोल्तुन म्हणतात. तिथल्या लोकांची समजूत अशी की अंगातला रोग या गुंत्यातून बाहेर पडतो. ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो. म्हणून धुवायची नाही, विंचरायची नाही. क्राकोव शहरातल्या एका संग्रहालयात दीड मीटर लांबीची जट आजही जपून ठेवली आहे. डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन, आपल्या शहाजीराजांच्या काळातला, त्याच्या डोक्यालाही अशी एक जट होती म्हणतात. तो तिला लाल फीत बांधायचा. मग दरबारी मंडळींनी राजाला खूश करायला तशाच बटा ठेवल्या! राजाच्या डोक्यावर आली तर फॅशन होते. गरिबाच्या डोक्यावर आली की कोप.

पोलंडमधला हा प्रकार मोडायला योझेफ डीटल नावाचे डॉक्टर उभे राहिले. ते क्राकोवला प्राध्यापक होते आणि पुढं १८६६ मध्ये त्या शहराचे महापौर झाले. त्यांनी अशी माणसं तपासली आणि सांगितलं की हा रोग नव्हे, न धुतलेले, न विंचरलेले केस आहेत. जटेवर कर बसणार आहे अशी आवई उठली आणि लोकांनी भराभरा जटा कापून टाकल्या, अशीही गोष्ट तिकडं सांगतात. खरी-खोटी माहीत नाही, पण मला पटते. कराला माणूस देवापेक्षा जास्त भितो.

आपल्याकडं हे काम कार्यकर्त्यांनी केलं. विदर्भात श्याम मानव यांनी १९८२ साली नागपूरला अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला, ज्याच्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले होते. त्यांच्या समितीनं जट निर्मूलनाचं काम हाती घेतलं, आणि त्यात पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं नाव आज सगळीकडं घेतलं जातं. या बाई ब्युटी पार्लर चालवायच्या. म्हणजे केस हा त्यांचा रोजचा धंदाच. शेकडो बायांच्या जटा त्यांनी स्वतःच्या हातानं काढल्या. वीस-वीस, तीस-तीस वर्षं डोक्यावर वागवलेल्या. अशा जटेच्या वजनानं मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, आत उवा होतात, फोड येतात, वास येतो, आणि त्या वासामुळं लोक जवळ बसवत नाहीत. बाई देवीची, म्हणून पाया पडायचं, पण पंगतीला दूर बसवायचं.

त्यांच्या कामात मला शिकण्यासारखं वाटलं ते कात्रीचं नाही. कात्रीचं काम तास-दोन तासांचं. त्याआधी जायचं, बसायचं, बोलायचं. एकदा जाऊन भागत नाही. बाई तयार होते तर सासू नाही म्हणते. सासू तयार होते तर नवरा म्हणतो, घरात काही वाईट झालं तर जबाबदार कोण? खरी अडचण ही आहे. घर म्हटलं की वर्षभरात काहीतरी वाईट होतंच. बैल मरतो, बोअरचं पाणी आटतं, कुणी पडतं. जट कापल्यानंतर झालं की ते जटेच्या माथी. जट असताना झालं ते मात्र कुणी मोजत नाही.

मी त्या गावी परत गेले. एकदा नाही, चारदा. आजीला मी असं कधीच म्हटलं नाही की देवी नाही. ते म्हणायला मी कोण? मी एवढंच विचारलं की आजी, देवीच्या मूर्तीचे केस कोण विंचरतं? तिला रोज न्हाऊ-माखू घालतात ना? मग तिच्या लेकराला कंगवा लावलेला तिला राग का येईल? आजी काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा तिनंच विचारलं, "मंग काऊन होते वो असे केस?" तेव्हा मी तिला गादीतल्या कापसाचं सांगितलं. कापसाचं तिला बरोबर कळलं. आयुष्यभर तेच हाताळलं होतं तिनं.

चौथ्या वेळी आम्ही पोरीला उन्हात बसवलं. हातात मुरमुरे दिले. आता हे नीट ऐका, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुरळ्या केसाचं लेकरू असेलच. कोरड्या केसाला कंगवा लावायचा नाही. आधी तेल. खोबरेल असो, तिळाचं असो, आपल्याकडं पूर्वी जवसाचं आणि मोहाच्या बियांचं वापरायचे तेही असो. घरात खायला जे आहे तेच चालतं, महागाची बाटली लागत नाही. गुंत्यावर तेल मुरवून अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग बोटांनी, कंगव्यानं नाही, गुंत्याच्या कडेचे चार-चार केस सोडवत आत जायचं. एका हातानं गुंत्याच्या वरचे केस मुळाजवळ दाबून धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही आणि पोर रडत नाही. मग रुंद दातांचा कंगवा, आणि तो टोकाकडून सुरू करायचा. टोकाचे दोन बोटं सुटले की त्याच्या वरचे दोन बोटं. आपण सगळ्याजणी मुळापासून खाली ओढतो, म्हणून तर लेकरं कंगवा पाहिला की पळतात! बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी, गुंत्यासाठी नव्हे.

त्या लिंबाएवढ्या गोळ्यातला बाहेरचा अर्धा भाग सुटला. आतला सुटेना. दोन महिन्यांचा होता, हळदीनं घट्ट झालेला. मी आजीकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "कर बापा, कर." तेवढा भाग कात्रीनं कापला. सुपारीएवढा निघाला. रक्त आलं नाही. आजीनं पोरीच्या कानामागं बोट फिरवून बघितलं, दोनदा.

न्हाण्याचंही सांगते. अंगाच्या साबणानं, त्यातही कपड्याच्या साबणानं, लेकराचं डोकं धुऊ नका. आधीच तेल कमी, ते साबण सगळं ओढून घेतो. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट थर राहतो. पूर्वी रिठा-शिकेकाई होती. लेकराच्या डोळ्यात गेली तर फार झोंबते, म्हणून जपून. आता पुडीतला शाम्पू गावोगाव पोचला आहे. ही पुडीची कल्पना तमिळनाडूच्या लोकांची, चिक शाम्पू कडलूरहून १९८३ साली बाजारात आला. एक पुडी एका लेकराला एका वेळी जास्तच होते. अर्धी पाण्यात पातळ करा. कुरळ्या केसाला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुणं पुरे. धुताना केस डोक्यावर गोळा करून चोळू नका. ओले असतानाच थोडं तेल लावून विंचरलं तर सोपं जातं. पुसताना खसाखसा नाही, जुन्या सुती धडप्यानं दाबून. आणि झोपताना दोन सैल वेण्या. घट्ट बांधू नका, कपाळाजवळचे केस त्यानं जातात.

एक फरक मात्र ओळखायला शिका. लेकराचे केस आधी काळे होते आणि आता तांबूस, विरळ, हातात सहज येणारे झाले असतील, पाय सुजले असतील, पोर किरकिर करत असेल, तर ते कुरळ्या केसांमुळं नाही. ते अन्नाचं आहे. १९३३ साली आफ्रिकेतल्या घाना देशात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी या आजाराविषयी पहिल्यांदा लिहिलं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांना तो नीट कळलेला नव्हता. या बाईंनी तिथल्या आयांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्यांनी नाव सांगितलं, क्वाशिओरकोर. म्हणजे दुसरं बाळ झाल्यावर पहिल्याला होणारा आजार. अंगावरचं दूध सुटतं आणि पोटात नुसती पेज जाते, डाळ-अंडं-दूध जात नाही, म्हणून. डॉक्टरांच्या आधी ते आयांना ठाऊक होतं. असं लेकरू दिसलं तर तेल लावत बसू नका. अंगणवाडीत वजन करा, दंडाचा घेर मोजून घ्या, आणि आरोग्य केंद्रात न्या. डोक्यात गोल चट्टे पडून केस गेले असतील, खपल्या किंवा पू असेल, तरीही तेल नाही, डॉक्टर.

त्या दिवशी निघताना आजीनं कापलेला गुंता फडक्यात बांधून ठेवला होता. म्हणाली, हे उकिरड्यावर नाही टाकायचं, पैनगंगेत सोडीन, नवरात्रात माहूरला जाईन तेव्हा. सोबत आलेली आमची एक तरुण कार्यकर्ती काही बोलणार होती, मी तिला डोळ्यानं गप्प केलं. पोर तोवर अंगणात पळत होती. तिच्या आईनं मला कंगव्याची किंमत विचारली. मी सांगितली. ती म्हणाली, येत्या सोमवारच्या बाजारात घेते, आणि वेचणी संपेपर्यंत रात्री जेवणं झाल्यावर दिव्याखाली पोरीला घेऊन बसते. आता तिच्या शेजारणीनं तिचंही लेकरू दाखवायला आणलं आहे, पुढच्या बैठकीला. मुलगा आहे तो. नवसाचं जावळ राखलेलं, चार वर्षांचं.